बोकडाचं रक्त आणि नवसागर: प्रकल्पाच्या नोंदी

२३ जून

विषय ठरला. पेशीपटलातली प्रथिनं ऋण आयनांची ने-आण कशी करतात, ते परीक्षानळीत दाखवायचं. मॅडमनी आधीच बजावलं, "पोस्टर नको. नळीत काहीतरी घडताना दिसलं पाहिजे."

जोडीदाराचा जीव सीएफटीआरवर, म्हणजे पटलातून क्लोराइड जाऊ देणाऱ्या एका चॅनलवर (दारावर) होता. कॉलरा, सिस्टिक फायब्रोसिस, सगळं त्या एका प्रथिनाशी येऊन थांबतं, त्यामुळं त्याचंही चूक नाही. खरं आमच्याकडं पेशी वाढवायची सोय नाही, आणि एकेका चॅनलचा प्रवाह मोजायचं यंत्र तर आम्ही फोटोतच पाहिलंय. मॅडम म्हणाल्या, तांबडी पेशी घ्या. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, आत दुसरं कुठलं पटल नाही. जे काही आत-बाहेर होतं ते एकाच पटलातून. आणि त्या पटलात ऋण आयन नेणारं प्रथिन खच्चून भरलेलं असतं: माणसाच्या एका पेशीत दहा लाखांहून जास्त प्रती. पटलातल्या एकूण प्रथिनांच्या जवळजवळ पाव हिस्सा हा एकटाच.

ह्याचं नाव बँड ३. १९७१ साली तांबड्या पेशीच्या पटलातली प्रथिनं जेलवर वेगळी केली तेव्हा पट्ट्यांना क्रमांक दिले, त्यातली ही तिसरी. पुढं एई१ असं नाव मिळालं तरी जुनं नाव गेलं नाही.

रिपोर्ट इंग्रजीतच द्यायचाय. ह्या नोंदी आमच्या दोघांच्या, म्हणून मराठीत.

२५ जून

सकाळी कँपातल्या मटणाच्या दुकानात. बाटलीत आधीच सोडियम सायट्रेटचं द्रावण घालून नेलेलं, नाहीतर रक्त हातातच साकळतं. दुकानदार मामूंनी विचारलं, "रक्ती करायला पायजे काय?" कॉलेजला प्रयोगाला पाहिजे म्हटल्यावर हसले. "ने की. खरं बाटली हलवत ने, घट्ट होतंय ते."

लॅबमध्ये सेंट्रीफ्यूज करून वरचा प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकला. मग ०.९ टक्के मिठाच्या पाण्यानं धुणं. बोकडाच्या तांबड्या पेशी फार बारीक: माणसाची पेशी साधारण ९० फेम्टोलिटर, तर ह्यांची वीसच्या आसपास. त्यामुळं खाली बसायला वेळ घेतात. शिवाय नाजूक. फुगायला आत फारशी जागाच नाही, म्हणून मीठ जरा कमी पडलं की वरचं पाणी लगेच गुलाबी होतं. तराजूवर मीठ मोजताना अंदाजपंचे चालणार नाही.

धुतलेल्या पेशींचं पातळ मिश्रण तयार करून फ्रीजमध्ये. फ्रीजच्या दारावर मामांनी, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटनी, कन्नडमध्ये "रक्त आहे, हात लावू नका" अशी चिठ्ठी डकवली. खाली आम्ही मराठीत तेच लिहिलं.

२६ जून

पहिला दिवस खऱ्या प्रयोगाचा.

एका नळीत ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, दुसरीत ०.८ टक्के अमोनियम क्लोराइड. दोन्हींची तीव्रता दीडशे मिलिमोलरच्या आसपास, म्हणजे कणांची संख्या जवळपास सारखी. परासरणाचा हिशेब पाहिला तर दोन्हीकडं पेशी सुखात राहायला पाहिजेत. दोन्हीत पेशींचे सारखेच थेंब टाकले आणि नळ्यांमागं तरुण भारतचं पान धरलं.

मिठाची नळी गढूळच राहिली, अक्षर दिसेना. अमोनियम क्लोराइडची नळी थोडा वेळ तशीच होती, मग बघता बघता लाल पण पारदर्शक झाली. मथळा वाचता आला. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर.

मामा मागून बघत होते. त्यांना रसायनाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "नवसागर म्हणजे कल्हईवाला वापरतो तेच की." तेच. आमचं फक्त शुद्ध केलेलं.

कलरीमीटरवर लाल फिल्टर लावायचा ठरवला. हिरव्यावर हिमोग्लोबिनचाच रंग शोषला जातो, मग गढूळपणा किती आणि रंग किती हे वेगळं काढता येत नाही.

३० जून

आज फळ्यावर चक्र लिहून काढलं. १९४२ साली जेकब्स आणि स्ट्यूअर्ट यांनी हे मांडलं, म्हणून त्याला त्यांचंच नाव आहे. मला हा प्रकल्प खरा आवडायला लागला तो आज.

अमोनियम आयन पटलातून सहज जात नाही, त्याच्यावर भार आहे. पण द्रावणात त्याच्याबरोबर नेहमी थोडा अमोनिया असतो, आणि अमोनियाला भार नाही. तो पटलातून सरळ आत शिरतो. आत गेल्यावर पाण्याकडून हायड्रोजन आयन घेऊन पुन्हा अमोनियम बनतो आणि मागं हायड्रॉक्साइड ठेवतो. आतल्या कार्बन डायऑक्साइडशी हायड्रॉक्साइड जुळून बायकार्बोनेट तयार होतं. हे काम कार्बोनिक अनहायड्रेज नावाचं विकर झपाट्यानं करतं. आता आत बायकार्बोनेट साठलं आणि बाहेर क्लोराइड भरपूर. इथं बँड ३ येतं. एक बायकार्बोनेट बाहेर, एक क्लोराइड आत. बाहेर गेलेलं बायकार्बोनेट तिथल्या हायड्रोजन आयनशी मिळून परत कार्बन डायऑक्साइड होतं, आणि तो वायू पुन्हा पटलातून आत.

गोळाबेरीज काय? अमोनियम आत, क्लोराइड आत. कार्बन डायऑक्साइड खर्च झालाच नाही, नुसता फिरत राहिला. आत मीठ वाढत गेलं की पाणी मागून येतं, पेशी फुगते, फुटते.

बँड ३ म्हणजे भोक नव्हे, ही गोष्ट जोडीदाराला पटवायला वेळ लागला. त्याच्या आजोळी, चिकोडीकडं कृष्णेकाठी, पूर्वी नाव चालायची. म्हटलं, एकाच माणसाची नाव समज, आणि नावाड्याची अट अशी की रिकामी हलवणार नाही. ह्या काठावरून एकाला नेलं की त्या काठावरून एकाला आणलंच पाहिजे. म्हणून आत-बाहेर एकास एक, आणि दोघांवर सारखाच ऋण भार असल्यामुळं पटलावर विजेचा ताण साठत नाही. क्लोराइड नुसत्या भोकातून एकटंच गेलं असतं तर थोडे आयन जाताच विरुद्ध व्होल्टेज उभं राहून वाट अडली असती. तांबड्या पेशीच्या पटलातून क्लोराइड एकटं, भार घेऊन, फार थोडं जातं. अदलाबदलीचा वेग त्याच्या हजारो पट आहे.

फुप्फुसं आणि स्नायू ह्यांच्यामध्ये हेच चाललेलं असतं. स्नायूंतून आलेला कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशीत बायकार्बोनेट होतो, प्लाझ्मात जातो, बदल्यात क्लोराइड आत येतं. फुप्फुसात सगळं उलट. रक्तातला साधारण सत्तर टक्के कार्बन डायऑक्साइड असा बायकार्बोनेटच्या रूपात वाहिला जातो. केशवाहिनीतून पेशी सेकंदाभराच्या आत निघून जाते, तेवढ्यात हे उरकलं पाहिजे. माणसाच्या तांबड्या पेशीतलं अर्धं क्लोराइड शरीराच्या तापमानाला पन्नासेक मिलिसेकंदांत बदलून होतं, म्हणून उरकतं.

ह्या अदलाबदलीला डच शास्त्रज्ञ हँबर्गर यांचं नाव आहे. सलाइनच्या ०.९ टक्क्यांशीही त्यांचंच नाव जोडलेलं. म्हणजे आमच्या दोन्ही नळ्यांत ते आहेत.

४ जुलै

पाऊस. जांबोटीकडची बस नेहमीपेक्षा उशिरा, आणि त्यात उभं राहायला जागा नाही. लॅबमध्ये पोचले तर लाइट गेलेली. सेंट्रीफ्यूज बंद, काही काम नाही.

८ जुलै

चक्र खरं असेल तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. बायकार्बोनेट वाढवलं तर पेशी लवकर फुटल्या पाहिजेत. कार्बन डायऑक्साइड कमी केला तर उशिरा.

ह्यात एक फसवी जागा आहे, मॅडमनी आधीच दाखवून दिली. नुसत्या अमोनियम क्लोराइडचं द्रावण जरा आम्ल असतं. त्यात खायचा सोडा टाकला की पीएच वर जातो, पीएच वर गेला की अमोनियाचं प्रमाण वाढतं, आणि पेशी लवकर फुटल्या तर श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून सगळ्या नळ्यांत थोडं ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घालून पीएच ७.४ ला बांधला, सोडा टाकल्यावर परत मोजून जुळवला.

निकाल: चिमूटभर बायकार्बोनेटनं वेळ स्पष्ट कमी झाली. उकळून, झाकून थंड केलेल्या पाण्यातल्या द्रावणात रेंगाळली. थांबली मात्र नाही. पेशींत आणि हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच, आणि तो खर्च होत नसल्यामुळं थोडा असला तरी चालतो.

नंतर पाहिलं तर पांढऱ्या पेशी वेगळ्या काढताना तांबड्या फोडायला प्रयोगशाळांत जे नेहमीचं द्रावण वापरतात, त्यात लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास अमोनियम क्लोराइड आणि बरोबर थोडं बायकार्बोनेट असतंच. कित्येक जण ते रोज वापरत असतील, बायकार्बोनेट कशाला ते न विचारता.

११ जुलै

असेटाझोलामाइड. काचबिंदूवर देतात तेच औषध. कार्बोनिक अनहायड्रेज बंद पाडतं. लॅबच्या कपाटात शुद्ध पूड सापडली, गोळ्या कुटायची वेळ आली नाही. गोळीतल्या पिठानं द्रावण आधीच गढूळ झालं असतं.

पेशी औषधात थोडा वेळ ठेवून मग अमोनियम क्लोराइडमध्ये. मिठाच्या नळीसारखी गढूळ, बराच वेळ. जोडीदार म्हणाला, "बंदच पडलंय बघ." बंद नाही, सावकाश झालंय. विकराशिवायही बायकार्बोनेट बनतं, फक्त धीम्या गतीनं. शेवटी ती नळीही निवळली.

रिपोर्टात नीट लिहायला पाहिजे: हे औषध बँड ३ ला काही करत नाही. त्याला पलीकडं न्यायला बायकार्बोनेटच मिळू देत नाही.

१५ जुलै

आजचा दिवस भरपूर. तीन क्षार समोरासमोर: अमोनियम क्लोराइड, अमोनियम असिटेट, अमोनियम सल्फेट. सल्फेटचे तीन कण होतात म्हणून त्याची तीव्रता कमी घेतली, ०.१ मोलरच्या आसपास.

असिटेट सगळ्यांत आधी फुटलं, आणि असेटाझोलामाइड घातलेल्या पेशींतही तितक्याच लवकर. हेच हवं होतं. असिटेट आयनला भार आहे, पण त्याच्याबरोबर थोडं असिटिक आम्ल असतं, त्याला भार नाही, ते अमोनियासारखंच पटलातून परभारे आत जातं. इकडून अमोनिया, तिकडून आम्ल. आत दोघं मिळून क्षार. ह्यात ना विकर लागत, ना बँड ३. म्हणजे औषधानं पटल बिघडलं किंवा पेशी टणक झाल्या असा कुणी आक्षेप घेतला तर ही नळी पुढं करायची.

सल्फेटची नळी संध्याकाळी निघेपर्यंत गढूळ. बँड ३ सल्फेटही नेतं, पण क्लोराइडच्या मानानं हजारो पटींनी सावकाश, आणि तेही सल्फेटबरोबर एक हायड्रोजन आयन उचलून. दोन ऋण भारांतला एक झाकला गेला की ते एकास एक अदलाबदलीत बसतं.

घरी उसाला घालायला अमोनियम सल्फेटचं पोतं आहे. जोडीदार म्हणाला, त्यातलंच आणायचं की. खतात काय काय मिसळलेलं असतं कुणास ठाऊक, बाटलीतलंच बरं.

१६ जुलै

सल्फेटची नळी सकाळी: तळाशी पेशी बसलेल्या, वरचं पाणी हलकं गुलाबी. हलवलं की परत गढूळ. बहुतेक पेशी शाबूत.

१९ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही, बस नाही, घरीच वाचन.

पुस्तकात चॅनल आणि वाहक असे दोन वेगळे कप्पे असतात. चॅनल म्हणजे उघडलं की आयन धो धो, वाहक म्हणजे मोजून अदलाबदल. सीएलसी ह्या क्लोराइड नेणाऱ्या प्रथिनांच्या कुटुंबानं ह्या कप्प्यांची पार गोची केली. टॉर्पीडो नावाच्या माशाच्या विद्युत अवयवातल्या क्लोराइड चॅनलवर ख्रिस्तोफर मिलर यांनी काम केलं; एकाच प्रथिनात दोन स्वतंत्र वाटा आहेत असं त्यांच्या नोंदींवरून दिसलं. १९९० साली त्याचं जनुक सापडलं. २००२ साली डुट्झलर आणि मॅकिनन यांनी जिवाणूंतल्या ह्याच कुटुंबातल्या प्रथिनाची रचना दाखवली, तीही दुहेरी, प्रत्येक भागाला आपली वाट. तोवर सगळे त्याला चॅनलच समजत होते. दोन वर्षांनी अकार्डी आणि मिलर यांनी दाखवलं की जिवाणूचं ते प्रथिन चॅनल नाहीच, दोन क्लोराइडना एक हायड्रोजन आयन असा सौदा करणारा वाहक आहे. बांधणी जवळपास तीच, काम वेगळं. माझ्या मते चॅनल-वाहक हे तक्ते वर्गात शिकवताना तरी पेन्सिलीनं काढावेत.

जोडीदाराच्या समाधानासाठी सीएफटीआरही वाचलं. १९८९ साली सापडलेलं जनुक, १४८० अमिनो आम्लांचं प्रथिन. घराणं पाहिलं तर एटीपी (पेशीचं इंधन) जाळून पदार्थ ढकलणाऱ्या पंपांचं, आणि हे मात्र चॅनल निघालं. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात कॉलऱ्याचं विष असतं हे दाखवलं. ते विष आतड्याच्या पेशीतलं सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवतं, सीएफटीआर उघडं राहतं, क्लोराइड बाहेर, मागून सोडियम आणि पाणी. आणि जलसंजीवनी हे दार बंद करत नाही, हे मला आजच नीट कळलं. साखर आणि सोडियम मिळून ज्या वेगळ्या प्रथिनातून आत येतात ते कॉलऱ्यात चालूच असतं. पाणी तिथून परत भरून काढायचं.

२३ जुलै

मामूंकडं गर्दी. उद्या अमावास्या, परवा श्रावण. "आता महिनाभर माझं दुकान गार," म्हणाले, आणि बाटली भरून दिली.

तापमान. बर्फात ठेवलेली नळी, लॅबच्या तापमानाची, आणि ३७ अंशांच्या पाण्यातली. ३७ ची चटकन, लॅबची जरा सावकाश (पावसाळ्यात आमची लॅब थंडच असते), बर्फातली गढूळच बसून. बँड ३ चा वेग थंडीत फार घसरतो हे खरं, पण अमोनियाचं झिरपणं आणि विकरही थंडीत मंदावतात. त्यामुळं ह्या तक्त्यावरून बँड ३ बद्दल मोठं विधान करायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

२८ जुलै

बँड ३ थेट बंद करायचं राहिलंय. फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन स्वस्त आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं, ते क्लोराइडची अदलाबदल अडवतंही. पण त्याची बांधणी सल्फोनामाइडची, म्हणजे थोडंफार कार्बोनिक अनहायड्रेजलाही धरतं. मग ११ तारखेच्याच प्रश्नावर परत आलो. सोडलं.

डिड्स हवं, म्हणजे बँड ३ ला चिकटून ते बंद पाडणारं रसायन. मॅडमच्या ओळखीच्या एका लॅबनं थोडं देऊ केलंय. महाग, अंधारात ठेवायचं, ओल लागू द्यायची नाही. ह्या पावसात.

३ ऑगस्ट

डिड्स आलं. श्रावणातला रविवार असूनही मामूंनी बाटली भरून ठेवली होती.

डिड्स पेशीच्या बाहेरच्या बाजूनं बँड ३ ला चिकटतं आणि लायसीन ह्या अमिनो आम्लाशी कायमचा बंध जोडतं. माणसाच्या बँड ३ मध्ये ते ५३९ क्रमांकाचं लायसीन. २०१५ साली ह्या प्रथिनाच्या पटलातल्या भागाची जी रचना प्रसिद्ध झाली ती डिड्सच्याच जवळच्या भावाला चिकटवून, प्रथिन एका स्थितीत अडकवून मिळवलेली आहे.

अडचण एकच: डिड्सला अमाइन (अमोनियासारखा नायट्रोजनचा गट असलेलं रसायन) दिसलं की ते त्याच्याशीच जुळतं. आमचं ट्रिस अमाइन, अमोनियाही तसलाच. दोन्ही एका नळीत टाकलं तर डिड्स पेशीपर्यंत पोचायच्या आत संपायचं. म्हणून पेशी आधी ट्रिसऐवजी फॉस्फेट घातलेल्या मिठाच्या पाण्यात डिड्सबरोबर ३७ अंशांना, फॉइल गुंडाळून. बंध कायमचा असल्यानं नंतर खुशाल धुता येतं. धुतल्या, आणि मग अमोनियम क्लोराइड.

डिड्स दिलेल्या पेशी: गढूळ. न दिलेल्या: पारदर्शक. तीच डिड्सची बॅच अमोनियम असिटेटमध्ये: लगेच पारदर्शक.

जोडीदारानं तिन्ही नळ्या एका ओळीत धरून फोटो काढला, मागं तरुण भारत. मॅडम म्हणाल्या, आकृती १ हीच घ्या.

६ ऑगस्ट

विभागात सादरीकरण. एका सरांनी विचारलं, "एटीपी कुठून आलं?" आलंच नाही. शिळ्या पेशींतही हे तसंच चालतं. पटल रिकामं करून परत बंद केलं तरी बँड ३ आयन बदलत राहतं. दोन्ही बाजूंच्या तीव्रतेतला फरक हेच त्याचं बळ. दुसरा प्रश्न: बोकडाच्या पेशीवरून माणसाबद्दल किती बोलणार? प्रतींची संख्या, लायसीनचा क्रमांक, पन्नास मिलिसेकंद हे सगळे माणसाचे आकडे आहेत, आमच्या बोकडाचे नव्हेत. रिपोर्टात ते वेगळ्या रकान्यात टाकलेत.

उरलेलं डिड्स डीएमएसओ ह्या द्रावकात विरघळवून छोट्या कुप्यांत, फॉइलमध्ये, उणे वीसला. कुपीवर तारीख आणि "ट्रिस नको" असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलंय. जोडीदाराला आता क्लोराइडच्या जागी नायट्रेट बसवून बघायचंय. सोडियम नायट्रेट कपाटात आहे, अमोनियम नायट्रेट मिळणं कठीण, त्यामुळं पेशी आधी सल्फेटनं भरून घेऊन मग बाहेर नायट्रेट ठेवायचं, अशी काहीतरी वाट शोधतोय. मॅडमनी अजून हो म्हटलेलं नाही.